घरात घेतलेली पाटी

मी नगरच्या एका मुलींच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवते, सव्वीस वर्षं झाली. जिल्ह्याचं नाव बदललं, एसटीवरचे बोर्ड बदलले, पण तोंडात अजून नगरच येतं, त्याला मी तरी काय करू? माझा तास नेमका जेवणाच्या सुट्टीनंतर टाकतात. मुलींच्या पोटात डबा गेलेला असतो, वर पंखा कुरकुरतो आणि अर्धा वर्ग डोळे उघडे ठेवून झोपतो.

मागच्या फेब्रुवारीत मी फळ्यावर 'शोषणाविरुद्धचा हक्क' लिहिलं आणि गुलामगिरी, वेठबिगारी, बंदी, शिक्षा असं सगळं धडाधड सांगत सुटले. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला.

"बाई, कायदा झाला ते ठीक. पण आता तुम्ही मोकळे, हे त्या लोकांना जाऊन सांगितलं कोणी?"

"दवंडी पिटली असेल," मी म्हणाले. "चल, पुढचं लिही."

उत्तर येत नसलं की मी चिडते. ही माझी जुनी खोड आहे, घरात सगळ्यांना माहीत आहे.

त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. दादा माझा थोरला भाऊ. तो तिसगावच्या पुढं आमच्या गावात राहतो. तिथं त्याचं मोटारी रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान आहे, गावातल्या निम्म्या विहिरींवरच्या मोटारी त्याच्या हाताखालून गेलेल्या. शिवाय ओढ्याकाठी तीन एकर रान आहे. ते आमच्या आजोबांच्या वतनाचं. वतन म्हणजे काय, तर गावाची पडतील ती कामं पिढ्यान्‌पिढ्या करायची आणि त्या बदल्यात हा तुकडा आणि दारोदारची शिळी भाकर. त्याला येसकरकी म्हणा, महारकी म्हणा. आजोबांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हा ते काम सोडलं, पुढं कायद्यानंच वतन बंद झालं आणि तुकडा तेवढा आमच्या नावावर राहिला. मला एवढंच माहीत होतं, म्हणजे पुस्तकात असतं तेवढंच.

"देऊळ नवं बांधलंय," दादा फोनवर सांगत होता. "औंदा जत्रा जुन्या रितीनं करायचीय. समद्यांचं मान परत देनार हायेत. सुताराचा, कुंभाराचा, आपलाबी. पालखीम्होरं घुंगराची काठी आपल्या घरची."

"कोण म्हणतंय?"

"आध्यक्ष. सोता दुकानात आलं हुतं. खुर्चीवर बसलं, माझ्याकडचा च्या पिलं."

जत्रा समितीचा अध्यक्ष म्हणजे गावातल्या मोठ्या घरचा कर्ता माणूस. आमच्या रानाकडं जायची वाट त्याच्याच बांधावरून जाते. त्यानं चहा प्यायला, हे दादानं त्या एका फोनमध्ये तीनदा सांगितलं.

"दादा, ती काठी आजोबांनी महारकीबरोबरच टाकली होती. आणि तू उचलणार?"

"आगं, येका दिसाचं तर हाय. इतकी वर्सं या गावाच्या मोटारी भरतोय. जत्रंच्या पंगतीत मी कुठं बसतो, ठावं हाय का तुला? पयल्यांदा मानसांनी बोलावलंय. तुझं काय बाई, तू नगरात."

"आण्णांना विचारलंस?"

"इचारलं. आण्णा काय बोलंनात."

"मग कर काय करायचं ते," म्हणून मी फोन आपटला. मोबाईल आपटता येत नाही, तरी आपटला.

आण्णा आमचे वडील. एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून रिटायर झाले, आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांनी आम्हाला कधी मारलं नाही आणि कधी गोष्टही सांगितली नाही. लहानपणाचं काही विचारलं की "झालं गेलं, च्या टाक" एवढं उत्तर. आई होती तोवर ती म्हणायची, त्येंच्या तोंडाला कुलूप हाय आन किल्ली त्येनीच गिळलीय. आम्हाला तो त्यांचा स्वभाव वाटायचा, त्यामुळं त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ कुणी लावत बसलं नाही.

जत्रा चैत्रात होती. त्याच आठवड्यात आण्णांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं, म्हणून ते माझ्याकडं नगरला आले होते. त्यांना नवऱ्यावर सोपवून मी एकटीच गावाला गेले. खरं सांगायचं तर भांडायला गेले होते.

पण दादाला बघितलं आणि माझं भांडण घशातच राहिलं. पांढरा झब्बा, डोक्याला गुलाबी फेटा, हातात त्याच्यापेक्षा उंच काठी आणि काठीला पितळी घुंगरं. छान दिसत होता हो माझा भाऊ! वहिनी मोबाईल वर धरून फोटो काढत होती. अध्यक्ष सगळ्यांसमोर म्हणाले, "या, तुमी म्होरं व्हा." दादाला या गावात कुणी 'तुमी' म्हटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

हलगी वाजायला लागली. दादा पुढं आणि पालखी मागं, मध्ये वीस-पंचवीस पावलांची मोकळी जागा. एक कार्यकर्ता शिट्टी वाजवत ती जागा मोकळी ठेवत होता, "अंतर ठिवा, अंतर." मला वाटलं, गर्दीसाठी असेल. देवळाशी आल्यावर सगळे मानकरी पायऱ्या चढून वर गेले आणि एकेकाला नारळ मिळाला. दादाचा नारळ मात्र एकानं खाली आणून दिला. दादानं तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि खालीच उभा राहिला. त्याला काहीच वावगं वाटलं नाही. मला वाटलं, पण मी मनात म्हणाले, तू नेहमीच खुसपट काढतेस.

देवळाशेजारीच मोठ्या घराचा ओटा आहे. तिथं अध्यक्षांची आई बसलेली असते. नव्वदीला टेकलेली म्हातारी. आताशा तिला स्वतःच्या सुनाही ओळखू येत नाहीत. मी शाळेत जायचे तेव्हा ती मला चिंचा द्यायची. मी फ्रॉकचा ओचा पसरायचा आणि तिनं वरून टाकायच्या. मला ती आवडायची. त्या दिवशी दादा घुंगरं वाजवत तिच्या समोरून गेला, तशी म्हातारीनं लगबगीनं पदर डोक्यावर ओढला, पाय जवळ घेतले आणि ओट्याच्या आतल्या अंगाला सरकली. बाकी कुणाला बघून ती तशी सरकली नव्हती. मी जेवायलाही थांबले नाही, संध्याकाळच्या गाडीनं परत फिरले.

आठ दिवसांनी आण्णांना गावी सोडायला गेले. डोळ्यावरची पट्टी निघाली होती. नवे डोळे मिळाल्यासारखे ते सगळं बघत होते, कॅलेंडरवरचे आकडे, भिंतीवरची पाल, वहिनीच्या हातातल्या बांगड्या. दादा दुकानात होता. वहिनी चहा टाकत होती. आण्णांची नजर फिरत फिरत स्वयंपाकघराच्या मांडणीवर गेली आणि थांबली. तिथं बांबूची एक नवीकोरी पाटी ठेवलेली होती. तिच्या काठाला लाल फडकं बांधलेलं होतं.

"ही पाटी कुनाची?"

"मोठ्या घरची," वहिनी कौतुकानं म्हणाली. "जत्रंच्या दुसऱ्या दिशी गड्याच्या हाती धाडली. पुरनपोळ्या हुत्या, कुरडया हुत्या, मला साडी हुती. मानाची पाटी हाय म्हनला."

"तू घरात घेतली?"

"मंग काय दारात ठिवायची? चांगल्या मानसांनी धाडलेलं."

"उंबऱ्याच्या आत घेतली?"

"व्हय की आण्णा. काय झालं?"

आण्णांच्या मागंच खुर्ची होती. ते खुर्चीवर न बसता खाली जमिनीवर बसले. मला वाटलं चक्कर आली, मी पाणी घेऊन धावले. त्यांनी हातानं पाणी बाजूला सारलं. वहिनी कर्जतकडची, तिचे वडील पोस्टमन होते, तिच्या माहेरात दोन पिढ्या कुणी हे काम बघितलेलं नाही. ती बिचारी माझ्याकडं बघायला लागली, जणू तिनंच काही चोरलंय.

मग आण्णा बोलले. माझ्या जन्मात ते सलग एवढं पहिल्यांदा बोलले.

"पाटी म्हंजी जेवान न्हवं. जत्रा झाली की मोठ्या घरनं पाटी यायची. येका वर्सी येकाच्या दारात, दुसऱ्या वर्सी दुसऱ्याच्या. ज्यानं ती उंबऱ्याच्या आत घेतली, त्याच्या घरावर वर्साचं काम बसलं. मागनं न्हाई म्हनता यायचं न्हाई, घेतली म्हंजी घेतली. कोन मेलं तर गावोगाव सांगावा न्यायचा. सरपन फोडायचं. मेलेलं ढोर वढायचं. सायब आला की त्याच्या घोड्याम्होरं पळायचं. माझा बाप पळायचा, म्या बघितलंय. आन न्हाई म्हनायचं आसंल तर येकच वाट. पाटी दारातनंच माघारी न्यायची आन देवळाच्या पायरीवर पालथी घालायची. माझ्या बापानं घातली. ज्या साली धम्म घेतला त्या साली. म्या बारा वर्सांचा हुतो. वरीसभर गावात आमाला कुनी पीठ दळून दिलं न्हाई."

वहिनीनं गॅस बंद केला.

"मंग काही वर्सांनी कायदा आला," आण्णा पुढं म्हणाले. "वतनं बंद झाली, आसं गावाला सांगायचं हुतं. आन दवंडी द्यायला तलाठ्यानं कुनाला बोलवावं? माझ्या बापाला! त्यो म्हनला, ही येवढी देतो. गावभर हिंडून त्यानं सोताच वरडून सांगितलं, आमी सुटलो म्हनून. ते त्याचं शेवटचं काम."

मला मागच्या बाकावरची ती मुलगी आठवली. 'दवंडी पिटली असेल, चल, पुढचं लिही.' मला स्वतःची लाज वाटली आणि लाज वाटली की मी ओरडते.

"आण्णा, हे आधी का नाही सांगितलं? दादा विचारत होता तेव्हा तोंडात काय धरलं होतं?"

"मला वाटलं, निस्ती काठी. पाटीचं आता कुनाच्या ध्यानात आसंल आसं वाटलं न्हाई." मग म्हणाले, "आन तुमाला कशापायी सांगायचं? तुमी शिकत हुता. ती घान तुमच्या डोस्क्यात कशाला घालायची? म्हनलं, माझ्यासंगं जाईल."

त्यांनी सांगितलं नाही आणि मी, सव्वीस वर्षं हक्क शिकवणारी बाई, कधी धरून बसून विचारलं नाही. मोठ्या घरानं मात्र सगळं लक्षात ठेवलं होतं.

संध्याकाळी दादा आला. त्यानं ऐकून घेतलं आणि हसला. "आण्णा, त्या गड्याला तरी ठावं आसंल का ह्ये? जेवान धाडलं मानसांनी, झालं." पण हसून झाल्यावर तो बराच वेळ मांडणीकडं बघत होता.

परीक्षा झाल्या, उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि मी गावी जाऊन राहिले. मनाला चैन नव्हतं. तोवर काही झालेलं नव्हतं, हे खरं. दादा मला चिडवत होता, "आली बघा आमची इन्स्पेक्टरीन." रानात कांदा काढून झाला होता, पातीखाली झाकून ठेवला होता. पुढच्या सोमवारी टेम्पो येणार होता.

एका सकाळी मी दात घासत होते, तेव्हा मोठ्या घरचा गडी अंगणात येऊन उभा राहिला. मालकाच्या भावकीतलं कुणी म्हातारं माणूस गेलं होतं. तो दादाला म्हणाला, "तिसगावला आन पल्याडच्या दोन गावांला सांगून यायचंय."

"फोन केलं आसतील की," दादा म्हणाला.

"केलं की. समद्यास्नी कळलंय. पर मानाच्या मानसानं जावं लागतंय."

मी फसकन हसले. तोंडातला फेस सांडला. पण हसणारी मी एकटीच होते. दादानं आण्णांकडं बघितलं, आण्णांनी जमिनीकडं. मग दादानं खुंटीवरची मोटरसायकलची किल्ली घेतली.

तो दुपारी परत आला आणि नीट जेवला नाही. म्हणाला, "लोकांना ठावं हुतं. कापडं घालून निघायच्या तयारीत हुते. तरी मला आंगनात हुबं केलं. म्या सांगितलं, आमकं आमकं गेलं. मंग बाया रडाया लागल्या. तवर कुनी रडत न्हवतं गं. माझी वाट बघत थांबल्या हुत्या." एवढं सांगून तो हात धुवायला गेला आणि बराच वेळ हात धूत राहिला.

मग त्याच संध्याकाळी सरपणाचा निरोप आला. दादा गेला. "आता गेलोच हाय तर," असं काहीतरी पुटपुटला. चार दिवस गेले. मग गडी पुन्हा आला. या वेळी तो अंगणातही आला नाही, रस्त्यावरूनच ओरडला, "मालकाची जर्सी गाय मरून पडलीया. घिऊन जा."

दादा दुकानाला निघाला होता. तो तिथंच थांबला. त्याच्या मानेवरची शीर मला दिसत होती.

"माझं दुकान हाय," तो म्हणाला. "जेसीबी बोलवा आन पुरा."

"बरं," गडी म्हणाला आणि गेला.

त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या 'बरं'मुळं मी दिवसभर दारातून रस्त्याकडं बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा रानात गेला आणि तसाच माघारी आला. जेसीबी आला होता खरा. पण गाय पुरायला नाही. आमच्या वाटेवर, बांधापासून बांधापर्यंत, पुरुषभर खोल चर खणला होता. आणि मेलेली गाय ओढत आणून चराच्या अलीकडं, आमच्या वाटेच्या तोंडाशी टाकली होती. म्हणजे ओढायला त्यांना माणसं मिळाली होती. कुत्री भोवती बसली होती. दुपारपर्यंत वास वस्तीपर्यंत आला.

चर ओलांडून माणूस कसाबसा जाईल, टेम्पो कसा जाणार? कांदा पलीकडं होता, वर्षाचा सगळा कांदा. आणि तिसऱ्या दिवसापासून दुपारचं आभाळ भरून यायला लागलं, अवकाळीचं. दुकानात दोन मोटारी भरून तयार होत्या, त्या न्यायला कुणी येईना. वहिनी दळण घेऊन गिरणीवर गेली, तर गिरणीवाला म्हणाला, "लाईट न्हाई." आत गिरणी धडधडत होती. वहिनी डबा घेऊन तशीच परत आली आणि आण्णांनी तो डबा बघितला.

मी कागद घेऊन बसले. "तहसीलदाराकडं वाटेचा अर्ज करू. पोलिसात जाऊ. अॅट्रॉसिटी लागते यावर, चांगली लागते!"

"तू अर्ज लिहिशील आन नगरला जाशील," दादा म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. "तारखा पडतील. तवर कांदा हितं सडंल. दुकान बसंल. मला या गावात ऱ्हायचंय. पोरीची धावी हाय औंदा." मग तो उठला. "उद्या देवळाम्होरं बैठक हाय. जाऊन सांगतो, कामाला हाय म्हनून. गाय काय, ट्रॅक्टरनी वढायची. हातानं थोडीच वढायचीय?"

"आणि पुढची? आणि त्याच्या पुढची?"

वहिनी रडायला लागली, "म्याच घेतली वो पाटी, माझ्याच हातानं घेतली." मला रडावंसं वाटत होतं, पण मी तिच्यावरच खेकसले, "गप बस आता!" तेव्हा आण्णा म्हणाले, "उद्या म्या येतो. ती पाटी द्या माझ्याकडं. काय आसती ती, त्ये सांगतो समद्यांना. म्या सांगितलं न्हाई म्हनून ह्ये झालं."

सकाळी दहाला बैठक होती. देवळापुढं सतरंज्या टाकलेल्या, चाळीस-पन्नास माणसं बसलेली. शेजारच्या ओट्यावर म्हातारी नेहमीसारखी भिंतीला टेकून बसलेली. आम्ही लिंबाखाली उभे राहिलो. बसा, असं कुणी म्हणालं नाही. अध्यक्षांचा आवाज मऊ होता. ते म्हणाले, गावात भेदभाव कुणी करत नाही, हा मान आहे, आणि जबरदस्ती तर मुळीच नाही. मग दादाकडं वळले.

"बोल रे, काय ठरवलंस?"

'तुमी' जत्रेबरोबर गेलं होतं. दादानं घसा साफ केला. तो 'हाय' म्हणणार होता, मला त्याच्या खांद्यांवरून कळत होतं.

तेवढ्यात आण्णा पुढं गेले. डोळ्याला काळा चष्मा, हातात पाटी. सगळ्यांसमोर मोकळ्या जागेत थांबले. मला वाटलं, आता बोलतील. पण त्यांनी पाटी कमरेवर घेतली, दुसरा हात कानाशी नेला आणि तोंड वर करून हाळी दिली.

"येसकर आलाय वोऽ माय... भाकर वाढा वोऽ माय... उरलंसुरलं वाढा वोऽ माय..."

तो ऐंशी वर्षांच्या माणसाचा आवाज नव्हता. उंच, किनरा, बारा वर्षांच्या पोराचा आवाज होता. कुठं लांबवायचं, कुठं सोडायचं, सगळं घटवलेलं. एकदा दिली, दोन पावलं सरकून पुन्हा दिली, पुन्हा सरकून तिसऱ्यांदा दिली, तीन दारं असल्यासारखी. मी पन्नास वर्षांची झाले, माझ्या बापाच्या गळ्यात हा आवाज आहे हे मला माहीत नव्हतं. मला कान झाकून घ्यावेसे वाटले. सतरंजीवरची तरुण पोरं मोबाईल हातात धरून नुसती बघत होती. जुनी माणसं खाली बघत होती.

आण्णांनी हात खाली केला. आता ते बोलणार होते. पण त्याआधी ओट्यावर हालचाल झाली. म्हातारी गुडघ्यावर हात देऊन उठत होती.

"आले रे, आले," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. मला चिंचा देताना बोलायची तशीच प्रेमानं बोलली. "भाकर आनते, थांब. आन लांब हुबा ऱ्हा जरा, ओट्यावर सावली पडंल."

आणि आण्णा दोन पावलं मागं सरले.

कुणी ढकललं नाही, कुणी दरडावलं नाही. त्यांचे पाय आपोआप मागं गेले. आण्णांनाही ते सरल्यावर कळलं. ते स्वतःच्या पायांकडं बघायला लागले. बोलायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं.

"आई, आगं बस खाली," अध्यक्ष घाईनं म्हणाले, पण म्हातारी आत गेली होती.

मी दादाकडं बघितलं. त्याचा चेहरा असा मी आई गेली तेव्हाही बघितला नव्हता. तो चालत आण्णांपाशी गेला. त्यांचा दंड धरून त्यांना ती दोन पावलं पुढं आणलं, मग आणखी पुढं, थेट देवळाच्या पायरीपर्यंत. त्यांच्या हातातली पाटी घेतली आणि पायरीवर पालथी घातली.

"आमच्याच्यानं व्हनार न्हाई," तो म्हणाला. "गायबी न्हाई, काठीबी न्हाई. मानबी न्हाई."

"इचार कर," अध्यक्ष म्हणाले. "आभाळ आलंय. कांदा..."

"सडू द्या कांदा."

अध्यक्षांनी पालथ्या पाटीकडं बघितलं, मग सतरंजीवरच्या माणसांकडं, मग आभाळाकडं.

"बरं," ते म्हणाले.

गडी म्हणाला होता, तसंच म्हणाले. आम्ही निघालो. सतरंजीवरून कुणी उठलं नाही, कुणी हटकलंही नाही. दादानं आण्णांचा दंड सोडला नव्हता. मी मागं होते. वारा सुटला होता आणि वाटेकडून गायीचा वास येत होता.

आम्ही लिंबाच्या पुढं गेलो असू, तेव्हा मागून म्हातारीचा आवाज आला. ती भाकर घेऊन बाहेर आली होती.

"आरं कुठं गेला त्यो? ये येसकरा! हाक दिलीस न्हवं का? भाकर आनलीय, ये!"

आण्णांचा पाय अडखळला. मान वळायला लागली होती, ती मी बघितली. दादानं दंड घट्ट धरला. आण्णा पुन्हा चालायला लागले, आणि आम्ही वळणाआड होईपर्यंत ती हाका मारत राहिली.